मंगळवारचं गाणं

"ही सीट कोणी मागे सरकवली?"

गाडीत बसता बसता वासुदेवरावांनी बायकोला विचारलं. ड्रायव्हरशेजारची सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत गेली होती.

"सुरुची बसली होती," सामानाच्या पिशव्या मागे ठेवत सुनेत्रा म्हणाली. "तिला बानहोफला, स्टेशनवर सोडलं."

वरच्या मजल्यावरची सुरुची पुरती पाच फूटही नव्हती. तिला एवढी जागा कशाला? वासुदेवरावांच्या मनात पाल चुकचुकली. बसणारा सहा फुटांच्या वरचाच असणार.

असलं काही हेरणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात बावीस वर्षं ते नव्या गाड्यांतले नको ते आवाज शोधत होते. कुठे प्लास्टिक करकरतंय, कुठे स्क्रू खुळखुळतोय. ऑफिसचं काम घरी आणू नये म्हणतात, पण कान काही लॉकरमध्ये ठेवून येता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतलं म्युझिक लावलं. साठ वर्षांपूर्वीचं अमेरिकन रिदम अँड ब्लूजचं गाणं निघालं. कोणी बाई आर्जवं करत होती, तुझ्यावाचून घर खायला उठतं, एकदा तरी ये. यादी पाहिली, तर तीन आठवड्यांत हे एकच गाणं एक्केचाळीस वेळा वाजलेलं, तेही जास्त करून मंगळवारी दुपारी. घरात साधं भावगीत न लावणाऱ्या बाईला हे शिकवलं कोणी?

तीस वर्षांचा संसार. लेक ओवी बर्लिनला शिकायला गेल्यापासून घरात दोघंच. सुनेत्रा निघून गेली तर? हा प्रश्न मनात आला आणि वासुदेवराव खरोखर घाबरले. पुढचे चार दिवस आमटीत मीठ कमी की जास्त, हेही त्यांनी सांगितलं नाही.

"अहो, बरं नाहीये का तुम्हाला?" सुनेत्राने विचारलं.

"अं... काही नाही. कामाचं टेन्शन."

मंगळवारी ते दुपारीच सुटले आणि सायकलवरून बायकोच्या गाडीमागे निघाले. गावात तीसचीच स्पीड लिमिट, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही जमलं. वृद्धांच्या वसाहतीपाशी गाडी थांबली. सुनेत्राने उतरून दार उघडलं आणि ऐंशीच्या पुढचा, काठी टेकत आलेला एक ताडमाड जर्मन आत बसला. वासुदेवरावांना हायसं वाटलं. लगेच वाटलं, म्हाताऱ्यांचा तरी काय भरवसा!

गाडी चर्चच्या हॉलपाशी गेली. दोघं आत गेल्यावर पाच मिनिटांनी वासुदेवराव आत शिरले. पॅसेजमध्ये एक बाई कॉफीचे कप मांडत होती. आतून पियानोवर गाडीतल्याच गाण्याची चाल ऐकू येत होती.

"कोअरसाठी, समूहगानासाठी आलात?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"ते उंच गृहस्थ कोण?"

"मिस्टर क्राउझ. कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. तरुणपणी अमेरिकन सैनिकांच्या क्लबात पियानो वाजवायचे. हे गाणं इकडे आणलं ते त्या सैनिकांनीच. आमच्या आईवडलांची पिढी लग्नात यावर नाचली. आता त्यांच्यातलं कोणी गेलं की निरोपालाही हेच म्हणतात. शुक्रवारी पुन्हा एकाला निरोप द्यायचा आहे." तिने कप पुसला. "आमची गाणारी बाई वसंतात वारली. नशीब, ही इंडियन बाई मिळाली. काय गाते!"

सुनेत्रा गाते?

गायची. अठरा वर्षांपूर्वी फ्रँकफर्टच्या गणेशोत्सवात तिने एक पद म्हटलं होतं. टाळ्या थांबायच्या आत वासुदेवराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तिसऱ्या कडव्यात सूर हलला." खोटं नव्हतं ते. लोक हसले, तीही हसली. त्यानंतर ती घरात कधी गायली नाही आणि ते यांच्या लक्षातही आलं नाही. बंद पडलेला आवाज ओळखायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी दार ढकललं. वीस-पंचवीस म्हातारी माणसं, दोन व्हीलचेअर, पियानोवर क्राउझ आणि मधोमध डोळे मिटून गाणारी सुनेत्रा. आवाज जाड झाला होता, पण भरलेला. वरच्या जागेवर सूर हलला. वासुदेवरावांच्या कानाने तो टिपलाच. पण म्हाताऱ्यांनी तिथेच साथीचा आवाज चढवला आणि व्हीलचेअरमधल्या एका आजींनी डोळे पुसले.

सुनेत्राने डोळे उघडले. दारातला नवरा दिसला आणि ओळ अर्ध्यावर तुटली.

क्राउझ वाजवत राहिले. त्याच जागेवर दोनदा फिरून आले, मग त्यांनी हात उचलले. "सुनेत्रा?"

"अहो... तुम्ही?"

"काही नाही. सहजच. तू... चालू दे."

क्राउझनी पुन्हा सुरुवात केली. तिने तोंड उघडलं. सूर फुटेना. तिची नजर वासुदेवरावांवरून हलेना. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती त्यांच्याकडे बघत होती. आपल्याला ही भ्याली आहे, आणि ही भीती आजची नाही. हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःची शरम वाटली. एवढे दिवस आपण कुणा परक्याला शोधत होतो.

ते मागे सरकले. दार जड होतं. आपटू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून हळूच लावलं.

आत पियानो वाजू लागला. थोडा वेळ नुसताच. मग तिचा आवाज आला.

"आत बसा ना," कॉफीवाली बाई म्हणाली. "खुर्च्या आहेत."

"नको," वासुदेवराव हळू आवाजात म्हणाले. "मी इथेच बरा."

डोक्यावरचं हेल्मेट काढून ते भिंतीपाशी उभे राहिले.