पिंपांपर्यंतचे पाणी

आईसाहेबांनी नावेच्या इंजिनावरचे कापड उचलले, आत एकवार बोट फिरवून पाहिले आणि कापड पुन्हा घट्ट बांधून त्या धक्क्यावर चढल्या. धक्क्यावरची माणसे त्यांना आईसाहेब म्हणत; घरात त्या नुसत्या आई होत्या, पण दरारा तोच.

मुलगा पायऱ्या उतरत धावत आला. मागोमाग सूनही आली.

"आई, निकाल लागला. तिकडचं सरकार पडलं. नदी खुली करू म्हणणारे निवडून आले."

"बरं झालं. आधी धापा टाकणं थांबव."

नदीपलीकडे दुसरा देश होता. तिथल्या सरकारने नावांची ये-जा बंद केली तेव्हा पलीकडे दिलेली लेक पोटुशी होती. आता नात दुडुदुडु चालू लागली होती आणि आजीने तिला पाहिले होते ते फक्त फोनच्या काचेत.

"मग, सोडू नाव?"

"शपथविधी झाला का त्यांचा? खुर्चीत बसतील, हुकूम काढतील, मग बघू. तोवर बंदी ती बंदीच. नियम मोडायची रीत नाही आपल्या घरात."

"तसंही हे इंजिन मिस्त्रीशिवाय हलायचं नाही," मुलगा हिरमुसून म्हणाला. "नुसतं पडून पडून गंजलं असेल."

सासूबाईंच्या बाह्यांवरचे तेलाचे डाग सून दर आठवड्याला घासून काढत असे. तिने नुसते इंजिनावरच्या कापडाकडे पाहिले.

एवढ्यात पलीकडे भोंगा वाजला. कालपर्यंत साध्या होड्यांनाही हुसकावून लावणारी तिकडची गस्तीची लाँच सरळ नदीच्या मध्याकडे येत होती. पुढच्या टोकाला एक बाई उभी होती. कडेवर मूल, आणि मोकळ्या हाताने ती लाँच चालवणाऱ्या शिपायाला डावे-उजवे सांगत होती.

"ताई आहे," मुलगा म्हणाला. "शिपायालाच कामाला लावलंय तिनं."

"कोणावर गेलीय, कोण जाणे."

सुनेने तोंड फिरवून हसू दाबले.

मध्यावर सरहद्दीची लाल पिंपे तरंगत होती. लाँच तिथवर आली आणि थांबली. तसूभरही पुढे सरकली नाही. लेकीने मुलीला दोन्ही हातांनी उंच धरले.

आईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. डोळ्यांवर चढवला, आणि पुन्हा काढून पुसला.

"पिंपांपर्यंतचं पाणी कोणाचं रे?"

"आपलं."

"मग उभा काय राहिलास?"

कोणाचाही हात न धरता त्या नावेत उतरल्या आणि पाठ ताठ ठेवून पुढच्या फळीवर बसल्या. मुलाने फारशी आशा न धरता इंजिनाची दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झाले.

तो आईकडे पाहतच राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस," त्या म्हणाल्या. "समोर बघ."