संकासुराची जीभ

मी संकासुर बोलतोय! खुद्द ब्रह्मदेवाचे चारही वेद एकट्यानं पळवणारा, देवांची झोप उडवणारा, दशावताराच्या खेळात सगळ्यांत आधी लोकांना लोळवून हसवणारा तो मी. आता खरं सांगू? त्या वेदांतली एक ओळ मला वाचता येत नाही. आणि मी अख्खा संकासुरही नाही. नुसता त्याचा मुखवटा आहे, आणि तोही एका मोडक्या छत्रीच्या कापडाचा.

हसा, हसा. तुमच्या घरातल्या छत्र्या काय करतात ते मला माहीत आहे.

कुडाळकडच्या एका गावात धाकूच्या मामानं मला शिवला. काळ्या कापडाला डोळ्यांची दोन भोकं पाडली, भोकांभोवती चुन्यानं कडी काढली, आणि मामीच्या जुन्या लाल लुगड्याची वीतभर जीभ तोंडाला लावली. जीभ लागेपर्यंत मी छत्रीच होतो. ती लागली आणि मला सगळ्यांची टवाळी करायची हुक्की आली. पहिली टवाळी मामाच्या शिलाईचीच केली. बिचाऱ्याला ऐकू आली नाही.

माझं शिक्षण विचाराल तर धाकू तिसरीतून पळाला, तेवढंच माझं. पण दोन कायदे मला पाठ आहेत. एक, संकासुरानं चारचौघांत कुणाचंही काहीही काढावं, लोकांनीही त्याला वाटेल ते उलट बोलावं, आणि दोघांनी हसून घ्यावं. दोन, शेवटी विष्णू येऊन संकासुराला मारतो. तोवर संकासुरानं रंगमंच सोडायचा नाही आणि मुखवट्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बस्स. वकिलांना लागतात तेवढी पुस्तकं मला लागत नाहीत.

कोकमांच्या पिशवीत बसून मी धाकूबरोबर मुंबईला आलो. धाकू आधी गिरणीत होता, मग साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागला, आणि अंधेरीला मरोळ रस्त्याच्या वाडीत त्यानं बिऱ्हाड केलं. वाडीत पुढच्या दोन चाळी हापिसवाल्यांच्या, मागच्या पत्र्याच्या खोल्या आम्हा कोकणवाल्यांच्या. गणपती मात्र सगळ्यांचा एकच.

ते दहा दिवस म्हणजे काय सांगू! कर्ण्यावर सिनेमाची गाणी, हापिसवाल्यांचं नाटक, भावगीतं, आणि मैदानात पांढरा पडदा बांधून फुकट सिनेमा. पडद्यापुढे त्यांच्या खुर्च्या, पडद्याच्या पाठीमागे जमिनीवर आम्ही. पाठीमागून सिनेमा उलटा दिसतो. नायक डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं मारामारी करतो. धाकूची बायको जानकी किती वर्षं समजत होती, की सिनेमात डावऱ्यांनाच नोकरी मिळते.

आमच्या दशावताराला समितीनं वेळ दिली होती दुपारी चारची. रातभर चालायचा खेळ तो! दिवसाढवळ्या संकासुर म्हणजे उन्हात काजवा. तरी आम्ही तेवढ्यावर खूश होतो.

समितीचे सेक्रेटरी अण्णा. फोर्टातल्या एका हापिसात हेडक्लार्क, पुढच्या चाळीत पहिला मजला, आणि दर वर्षीच्या नाटकात राजा. पंचावन्न साली मी धाकूच्या डोक्यावर होतो, आणि माझी जीभ त्यांच्याकडे वळली. त्यांच्या मुलीला, उत्तराला, बघायला नऊ पाहुणे येऊन गेले होते. मी म्हटलं, "अण्णानू, तुमच्याकडचे पोहे झकास! नऊ पावणे इले, नऊय जण खावन गेले. पोरगेक न्यावक मात्र सगळेच विसारले!"

मैदान फुटलं हसून. केवढासा विनोद, हो! पण अण्णा खुर्चीवरून उठले ते थेट रंगमंचावर. मला जिभेला धरून खस्सकन ओढला. धाकूचं डोकं उघडं पडलं, मी त्यांच्या मुठीत, आणि जीभ टर्रकन फाटून हातात.

"बंद करा हा गावठी तमाशा!" म्हणाले, आणि जीभ मैदानात भिरकावली. विष्णू विंगेत लाकडी तलवार घेऊन तसाच उभा राहिला. त्याला मारायला कुणी उरलंच नव्हतं.

खेळात मुखवटा ओढला गेलेला माणूस आमच्यात मान वर करून हिंडत नाही. गावाहून निरोप आला, की संकासुराची जीभ ज्याला राखता आली नाही, त्यानं आता बाकावर बसून टाळ्या वाजवाव्यात. धाकू तो निरोप ऐकून दोन दिवस जेवला नाही. मग म्हणाला, "ज्यान उपटल्यान, तेनाच शिवूक व्हयी. तोवर मी ह्या तोंडाक लावचंय नाय."

झालं. वर्षभर मी खिळ्यावर. जानकीनं जीभ मैदानातून शोधून आणून कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवली. माझ्यावर काजळी बसली, झुरळानं संसार थाटला. लोक देवाचं नाव जपतात, मी अण्णांचं जपलं. सकाळी अण्णा, संध्याकाळी अण्णा. इतकी भक्ती त्यांच्या पद्मजावहिनींनीही केली नसेल.

आणि छप्पन साली अण्णा स्वतः दारात! सचिवालयातले कुणी मोठे पाहुणे लोककला बघायला येणार होते. बघा गंमत, गावठी तमाशा एका वर्षात लोककला झाला, आणि मी काय, खिळ्यावरून हाललोही नव्हतो.

"धाकू, मुखवटा हवा होता," अण्णा म्हणाले. "या वर्षी संकासुर मी करतो. शुद्ध मराठीत लिहून काढलाय. पाहुण्यांपुढे भलतंसलतं नको."

"न्या की. पण मुको हा तो. जीभ शिवल्याशिवाय भायर पडाचो नाय."

"पद्मजा देईल शिवून."

"वयनींचो काय गुन्हो? ज्येनी उपटली त्येनीच. आणि हयसरच, माज्या उंबऱ्यार."

अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पत्रिका छापून गेल्या होत्या. बसले उंबऱ्यावर. जानकीनं सुई पुढे केली. सगळी रांग गोळा झाली. पोरं कडेवर घेऊन बायका आल्या. दोरा ओवायलाच अण्णांना अकरा खेपा लागल्या.

"अण्णानू, हापिसात फायली बांधतास, तशीच बांधा!" जानकी म्हणाली.

सुई त्यांच्या बोटात शिरली की माझ्या पोटात साखर. पाच वेळा शिरली. मी गोडानं आजारी पडायचा बाकी होतो.

काम झाल्यावर धाकू सहज बोलल्यासारखं बोलला, "मग विष्णू मी करतंय." अण्णांना त्यात काही वावगं दिसलं नाही. नाटकवाले ते! त्यांच्याकडे पात्र कागदात लिहिलं असेल तिथं येतं. आमच्याकडे विष्णू त्याच्या मर्जीनं येतो.

खेळाच्या दिवशी पाहुणे पहिल्या रांगेत, गळ्यात हार. मी अण्णांच्या डोक्यावर. अण्णा हात जोडून म्हणाले, "अहो विधात्या, मी आपल्या वेदांचे अपहरण करण्यास आलो आहे."

मैदान चिडीचूप. एवढ्या अदबीनं चोरी करणारा राक्षस कुणी पाहिला नव्हता. पुढलं वाक्य अण्णा विसरले. त्यांच्या नाटकाचा प्रॉम्प्टर शरच्चंद्र विंगेतून वही घेऊन कुजबुजत होता, पण मी कानांवर असा घट्ट बसलो होतो, की त्यांना माशी गुणगुणल्यासारखं वाटलं असेल.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "रे संकासुरा! पडद्याच्या पाठी बसान सिनेमा बगलंस कधी? हीरो डावरो दिसता!"

हशा. अण्णांची मान तिकडे वळली. लगेच दुसरा, "सकाळी नळ आमच्याकडे येयपर्यंत तुज्या चाळीत बादल्यांचीव आंघोळ जाता काय रे?"

"आमका दुपारचो टायम, तुजा नाटक रातचा! तुजो चंद्र वेगळो काय?"

अण्णा विंगेकडे सरकले. "धाकू! अरे ये ना!"

धाकू डोक्यावर मुकुट, चार हात आणि तोंडात पान घेऊन स्टुलावर बसला होता. "येतंय, येतंय. पान संपांदे."

कायदा आठवतो ना? विष्णू आल्याशिवाय सुटका नाही. आणि मुखवटा स्वतः काढून फेकावा, तर पाहुण्यांसमोर संकासुराचे अण्णा होतात, आणि ऐकलेलं सगळं मग अण्णांचंच. अडकला राजा! मी आत त्यांच्या घामानं चिंब होत होतो आणि प्रत्येक थेंब मला अभिषेकासारखा लागत होता.

खरा घाव पुढच्या खुर्च्यांतून आला. त्यांच्याच चाळीतल्या रत्नप्रभाबाई उठून म्हणाल्या, "काय हो संकासुर, नाटकात दर वर्षी राजा तुम्हीच का? आमच्या ह्यांना दहा वर्षं भालदारच ठेवलंत!"

त्यावर तर पाहुण्यांचाही हार हलायला लागला. पाऊण तास! शेवटी धाकू पिंक टाकून आला, तलवार उगारली, आणि ती लागायच्या आधीच अण्णा धाडकन पडले. इतक्या आनंदानं मेलेला संकासुर मी जन्मात पाहिला नाही. पाहुणे म्हणाले, "अप्रतिम! घामसुद्धा खरा!"

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. झुरळाला हाकललंय. जीभ जरा वाकडी शिवली गेलीय, पण मला ती तशीच आवडते. आरशात बघितलं की सूड दिसतो. गावाहून धाकूला बोलावणंही आलंय, यंदा संकासुर त्यानंच करायचा. इथंच थांबलो असतो तर तुम्हीही मला शाबासकी दिली असती. पण एक गोष्ट राहिलीय. गिळून टाकली असती, पण जीभ शिवून घेतली ना मी, आता सांगावी लागते.

खेळ संपल्यावर रंगमंचामागे अण्णांनी मला उतरवून धाकूच्या हातात दिला. धाकू मुकुटासकट हसत होता.

"काय अण्णानू, खय लागला काय?"

"लागलं," अण्णा म्हणाले. "नळाचं आणि पडद्याचं तुमचं बरोबर होतं. ते मी बघतो. पण गेल्या वर्षीचं ते पोह्यांचं... उत्तरा अजून मैदानात येत नाही रे."

धाकूचं हसू जरा अडखळलं. मग त्यानं माझ्यावर हात ठेवला. "देवाशपथ सांगतंय, अण्णानू, ह्याच्या आत काय्येक दिसणा नाय. समोर कोण बसलाहा, पोरगी हा काय आणि कोण हा, माका काय म्हायत?"

अण्णांनी पंच्यानं मान पुसली.

"मी आत्ता पाऊण तास आत होतो, धाकू. सगळं दिसतं. अगदी शेवटच्या रांगेत जानकी तोंडाला पदर लावून हसत होती, तेसुद्धा दिसलं मला."