शेवटचा आकडा

काकांनी खोक्यातून गाडीच्या तेलाचा फिल्टर काढला, उलटा धरला आणि कडेच्या बारीक भोकातून बॉलपेनचं टोक घालून आतला रबरी पडदा दाबला. पडदा दबला आणि टोक काढताच पुन्हा जागेवर आला.

"हे बघा. गाडी बंद केली की तेल इथं अडून राहायला हवं. हा पडदा ढिला असला तर सगळं तेल खाली उतरतं आणि सकाळी चावी फिरवली की इंजिन कोरडंच फिरतं. तुमच्या गाडीचं वय बघता तिला ते सोसायचं नाही."

सुट्या भागांच्या त्या दुकानात काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या ग्रंथपालबाईंनी आपला मोबाइल पुढे केला. त्यावर एका झगझगीत केशरी फिल्टरचा फोटो होता.

"माझा भाऊ म्हणतो, हा घे. परदेशी आहे."

"रंग छान आहे. पण गाडी रंग पीत नाही."

बाई हसल्या, पण हसू लगेच मावळलं. "आज घाट चढायचाय, काका. आईला मावशीकडे पोहोचवायचंय. ब्याऐंशी वर्षांची आहे ती. मध्येच कुठे गाडी बंद पडून चालणार नाही."

"तुमच्या वडिलांच्या हाती ही गाडी होती तेव्हापासून तिचे फिल्टर मीच देतोय."

"म्हणून तर इथे आले. तुम्ही म्हणाल तो."

काकांनी फिल्टर खोक्यात घालून दिला. बाई तो घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या मेस्त्रीकडे गेल्या. त्यांची दोन दारांची छोटी गाडी सकाळपासून तिथेच उभी होती.

तासाभराने एक टेम्पोवाला आला. त्यालाही फिल्टरच हवा होता. काकांना फळीकडे बघावं लागलं नाही. छोट्या गाडीचा आणि टेम्पोचा, दोन्ही फिल्टर एकाच कंपनीचे, एकाच निळ्या खोक्यातले. इंग्रजीत छापलेल्या नंबरात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. तिथे तीन असला की छोट्या गाडीचा, आठ असला की टेम्पोचा. सकाळी फळीवर दोन्हींपैकी एकेकच उरला होता. एक बाईंनी नेला, म्हणजे राहिला तो टेम्पोचा.

त्यांनी खोकं उघडलं आणि सवयीने फिल्टरच्या रबरी रिंगवरून बोट फिरवलं. बोट अर्ध्यावर थांबलं. त्यांनी ते पुन्हा फिरवलं.

रिंग मोठी होती. टेम्पोची एवढी नसते.

"काय झालं?" टेम्पोवाल्याने विचारलं.

काकांनी फिल्टर परत खोक्यात घालून काउंटरवर ठेवला. बाईंना टेम्पोचा गेला होता. दोन्ही फिल्टरचे आटे सारखेच. म्हणजे टेम्पोचा फिल्टर छोट्या गाडीला बसणार, चांगला घट्ट बसणार, पण त्याची लहान रिंग खाचेत पुरती टेकणार नाही. सपाट रस्त्यावर काही कळायचंही नाही. घाटात इंजिन तापलं, तेलाचा दाब वाढला की कडेने तेल बाहेर. आणि मग ऐन वळणावर इंजिन जाम. मागच्या सीटवर ब्याऐंशी वर्षांची म्हातारी.

सकाळी पडदा दाबून दाखवण्याच्या नादात रिंगवरून बोट फिरवायचं राहून गेलं होतं.

त्यांनी मेस्त्रीला फोन लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तो भलत्याच माणसाला लागला. ग्रंथपालबाईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

"दहा मिनिटं थांबा," ते टेम्पोवाल्याला म्हणाले आणि काउंटरची फळी उचलून बाहेर आले.

आतल्या टेबलाशी बसलेल्या मालकीणबाईंनी मान वर केली. मोठ्या मालकांच्या पश्चात दुकान त्याच बघत होत्या. वयाने निम्म्या असल्या तरी काका त्यांना अहो-जाहो करत.

"काका, कुठे निघालात? गिऱ्हाईक उभं आहे."

"आलोच, ताई. मेस्त्रीकडे जरा काम आहे."

"बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय!"

पहिली गल्ली त्यांनी भरभर ओलांडली. पुढे मोठा रस्ता लागला. उन्हात सगळ्या गाड्या एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी अंदाजाने पाऊल टाकलं आणि ब्रेक करकचून दाबल्याचा आवाज अगदी कानाशी आला. मोटारसायकलवाल्याने शिवी हासडली. काकांनी हात जोडले, पण ते त्याच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे, आवाज आला त्या दिशेला.

गॅरेजमध्ये गाडीची जागा रिकामी होती.

मेस्त्री नळाशी हात धूत होता.

"गेल्या?" काकांना धाप लागली होती.

"मघाशीच. अर्धा तास झाला असेल. बसा तरी."

"त्यांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता. नंबर आहे ना तुझ्याकडे? म्हणावं, असाल तिथे थांबा, गाडी पुढे नेऊ नका. अरे, बघत काय उभा राहिलास! मी टेम्पोचा दिलाय त्यांना!"

मेस्त्रीने नळ बंद केला. फडक्याला हात पुसले. मग तो फोनकडे न जाता मागच्या कपाटाकडे गेला आणि एक पत्र्याचा डबा आणून त्याने काकांसमोर बाकावर ठेवला.

वरच निळं खोकं होतं. काकांनी ते उघडलं, रिंगवरून बोट फिरवलं. लहान रिंग.

"मग त्यांच्या गाडीला?"

"माझ्याकडे एक होता, तो बसवला. दहा मिनिटं गाडी चालू ठेवून खाली झोपून पाहिलं. थेंबसुद्धा नाही."

काका बाकावर बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की डबा अजून रिकामा झालेला नाही. त्यांनी आत हात घातला. एक पंख्याचा पट्टा, भलत्याच मापाचा. प्लगची दोन खोकी. आणखी एक फिल्टर.

"हे सगळं?"

"चार महिन्यांतलं."

"माझ्याकडचं?"

मेस्त्रीने मान डोलावली.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? फिल्टर कसा पारखायचा ते मी तुमच्यापाशी शिकलो. तुम्हालाच जाऊन सांगू, तुमचं चुकतंय म्हणून?" फडकं त्याने खांद्यावर टाकलं. "वाटलं, आज बोलाल, उद्या बोलाल. तुमच्याकडून आलेलं प्रत्येक खोकं हल्ली मी उघडून बघतो. पण आज ती म्हातारी गाडीत बसली, मला हात केला तिने, आणि माझ्या मनात आलं, एखाद दिवशी माझंही लक्ष नसेल. तेव्हा काय?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. मेस्त्रीने ते दाबून बसवलं.

"सोडायला येऊ? रस्ता ओलांडायचाय तुम्हाला."

नको म्हणायला काकांनी तोंड उघडलं.

"चल," ते म्हणाले.

मेस्त्रीने त्यांना रस्ता पार करून दिला आणि तिथूनच तो मागे फिरला.

टेम्पोवाला काउंटरला टेकून मोबाइलवर काहीतरी बघत उभा होता. "काका, दहा मिनिटं म्हणालात, पाऊण तास झाला. माझा माल तिकडे उन्हात तापतोय."

"झालंच." काकांनी मेस्त्रीकडून आणलेला फिल्टर खोक्यातून काढून बोटाने तपासला आणि त्याच्या हातात ठेवला. "हा तुमचा. खात्रीचा."

टेम्पोवाला खिशात हात घालू लागला. काका आपल्या जागेवर गेले नाहीत. रिकामं निळं खोकं हातात घेऊन ते आतल्या टेबलाशी गेले.

"ताई, जरा हा नंबर वाचता?"

मालकीणबाईंनी खोकं घेतलं. "शेवटी आठ आहे. का? काही चुकलंय?"

"मला तिथे तीन दिसतोय."

त्यांनी पुन्हा एकदा खोक्याकडे पाहिलं, मग काकांकडे. बाहेर टेम्पोवाल्याचं नोटा मोजणं थांबलं होतं. त्या उठल्या, काउंटरवर राहिलेलं मोठ्या रिंगच्या फिल्टरचं खोकं उचललं आणि काकांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आणि इथे?"

काकांनी ते जवळ घेतलं, मग लांब धरलं. खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं.

"सांगता येत नाही, ताई," ते म्हणाले.