शून्य-शून्य धरत नाही

"शून्य-शून्य झालं तरी लिहून टाक," सिरिल म्हणाला. तोंडात गरम चिप्स, त्यामुळे शब्द अर्धे आत, अर्धे बाहेर. "कोण बघतंय?"

"मी बघतेय," बेरिल म्हणाली.

"तू सोडून."

"मी सोडून ती वही उघडतंच कोण?"

सिरिलने चिप्सवर आणखी व्हिनेगर ओतलं.

दोघांना छंद एकच: जमेल तितक्या फुटबॉलच्या मैदानांवर मॅच पाहायची आणि ते मैदान वहीत चढवायचं. सिरिल टनी म्हणजे निवृत्त पोस्टमन. तो काहीही मोजायचा. अर्धी मॅच पाहिली, मोजली. सरावाची पाहिली, मोजली. एकदा तर सिग्नलला बस थांबली तेव्हा वरच्या मजल्यावरून कुंपणापलीकडचा एक कॉर्नर पाहिला आणि तेही मैदान वहीत चढवलं. सातशेच्या वर मैदानं होती त्याची. बेरिलच्या मते त्यातली निम्मी चोरीची.

बेरिल हॅल्सॉलची चारशे बारा. पण चारशे बारा म्हणजे चारशे बारा. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत हजर, आणि निदान एक गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. कुणाचाही चालेल, पण गोल हवा. शून्य-शून्य धरत नाही.

आणि आज स्कार्थवेट होतं. मिल लेनचं मैदान. एका बाजूला पत्र्याचा स्टँड, एका टोकाला चहाची टपरी. जमिनीला असा उतार की चेंडू ठेवला तर आपला आपण नदीकडे निघतो. खालच्या गोलच्या मागे एक पिवळा जेसीबी उभा होता, सोंड खाली घालून. सोमवारी तो आत शिरणार. इथे घरं होणार होती आणि क्लब पलीकडच्या गावात भाड्याच्या मैदानावर जाणार होता. म्हणजे आजची शेवटची मॅच. आज नाही तर कधीच नाही.

आता एवढं काय त्यात, असं कुणीही म्हणेल. सिरिल तर बसमधून उतरल्यापासून तेच म्हणत होता. पण बेरिलच्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ तिची नव्हतीच. बारा वर्षांची असताना बापाने तिला इथे आणलं होतं. तो शेजारच्या लोकरीच्या गिरणीत कामाला. वही त्यानेच घेऊन दिली आणि मॅच सुरू व्हायच्या आधी उत्साहाने पहिल्या ओळीवर स्वतः लिहिलं: स्कार्थवेट, मिल लेन. पुढे स्कोअरची जागा मोकळी सोडली. मॅच झाली शून्य-शून्य. बाप म्हणाला, "गोलच नाही तर लिहायचं काय? पुढच्या शनिवारी येऊ." पुढच्या शनिवारी त्याला पाळी लागली. त्याच्या पुढच्या शनिवारी तो दवाखान्यात होता. मग त्याचे शनिवारच संपले.

ती जागा एकोणपन्नास वर्षं मोकळी होती. मधे बेरिल तीनदा येऊन गेली. दोनदा शून्य-शून्य. तिसऱ्यांदा धुकं एवढं उतरलं की विसाव्या मिनिटाला पंचालाच स्वतःची शिट्टी दिसेना. त्यानंतर ती आली नाही. ताटातला गोडाचा घास शेवटी ठेवावा तसं हे मैदान तिने मागे ठेवलं, आणि आता कुणीतरी ताटच उचलायला निघालं होतं.

पहिला अर्धा भाग रडका झाला. स्कार्थवेटचा संघ तळाचा, पाहुणे त्यांच्या वर एकच पायरी. दोन्हीकडून चेंडू नुसता हवेत. स्कार्थवेटचा नऊ नंबर डगल हा एकच जरा खेळाडू वाटत होता. सदतीस वर्षांचा, धंद्याने गवंडी, पोट सुटलेलं. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला दुसऱ्यांच्या आधी कळायचं. फक्त तिथे पोचायला दुसऱ्यांच्या नंतर जमायचं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला स्टँडच्या बाजूचा झेंडेवाला पंच पळता पळता थांबला, पोटरी धरली आणि सरळ गवतावर बसला. मुख्य पंच म्हणजे पंचविशीतली एक मुलगी, केस घट्ट बांधलेले, चेहरा त्याहून घट्ट. तिने त्याच्या पायाकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला दोघांनी उचलून बाहेर नेलं. मग लाउडस्पीकर खरखरला.

"कुणाला झेंडा धरता येत असेल तर पुढे या. नाहीतर मॅच इथेच थांबवावी लागेल."

दीडशे माणसं एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली. दोन मिनिटांपूर्वी यातल्या प्रत्येकाला ऑफसाईड पंचापेक्षा जास्त कळत होतं.

"मॅच थांबली तर धरत नाही," बेरिल म्हणाली आणि पिशवी सिरिलच्या मांडीवर टाकली.

"कुठे निघालीस? अगं, गुडघे बघ तुझे."

"गुडघे बघायला नाही आले मी इथे."

कठडा ओलांडायला तिला दोन खेपा लागल्या. चारशे बारा मैदानं पाहिली पण ती कधी रेषेच्या आत गेली नव्हती. प्रेक्षकाने कठड्याच्या बाहेर राहायचं, हाही तिचा एक नियम होता. आज तो मोडला.

पंच मुलीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. एकसष्ट वर्षांची बाई, दवाखान्याच्या धोबीखान्यातले रबरी तळाचे बूट, चेहरा वाफेने कायमचा लाल झालेला.

"ऑफसाईड कळतं तुम्हाला?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"कुठल्या संघाच्या तुम्ही?"

"कुठल्याच नाही." मग बेरिलला वाटलं खरं ते सांगून टाकावं. "मला फक्त एक गोल हवाय. कुणाचाही."

मुलगी थांबली. "झेंडा हातात असेपर्यंत तोही नकोय तुम्हाला. जमेल?"

बेरिलने एकदा खालच्या गोलच्या जाळ्याकडे बघितलं. "जमेल," ती म्हणाली.

दोन्ही संघांचे मॅनेजर लांबूनच मान डोलावून मोकळे झाले. तिला एक चमकणारी पिवळी बंडी मिळाली, मोठ्या मापाची, आणि एक झेंडा.

दुसऱ्या भागात स्कार्थवेट उतारावरून खाली, जेसीबीकडे हल्ला करणार होता. बेरिलच्या वाट्याला रेषेचा तोच अर्धा तुकडा आला. शेवटच्या बचाववाल्याच्या बरोबरीत राहायचं, तो पळाला की पळायचं, थांबला की थांबायचं. दहा मिनिटांत तिच्या छातीत भाता चालू झाला. गुडघ्यांचं तर विचारूच नका.

"मावशी, चादरी वाळत घालताय का?" स्टँडमधून एक जण ओरडला. हातात बिअरचा ग्लास, गळ्यात क्लबचा मफलर.

"तुझं तोंड आधी धुऊन काढते, मग चादरी," बेरिल मागे न बघता म्हणाली. स्टँड हसला. नंतर त्या माणसाने अर्धा तास तोंड उघडलं नाही.

चौतीस वर्षं ती चादरीच बघत आली होती. अख्खं शहर कधी ना कधी तिने इस्त्री केलेल्या चादरीवर आजारी पडलं होतं आणि एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. तिची तक्रार नव्हती. चादरीवर डाग राहिलाय का एवढंच बघायचं. डाग कुणाचा, कसला, हे विचारायचं नाही. डाग दिसला की चादर बाजूला. पाळी संपत आली असली तरी, मुकादम कितीही ओरडला तरी. बाजूला म्हणजे बाजूला.

पासष्टाव्या मिनिटाला डगलने डोक्याने मारलेला चेंडू गोलकीपरने बोटांनी बाहेर काढला. बेरिलने कॉर्नरकडे झेंडा केला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला दुसऱ्या एकाने मारलेला चेंडू दांडीला लागला, असा दणकून की जेसीबीमागच्या झाडावरचे कावळे उडाले. सिरिल कठड्याला पोट टेकवून उभा होता. दोन्ही हातांत तिची पिशवी, जसं काही पिशवीतच गोल आहे.

"बेरिल, होतोय बघ," तो म्हणाला. "आज होतोय."

"गप बस. कामात आहे."

नव्वदावं मिनिट. मधल्या वर्तुळातून कुणीतरी चेंडू नुसता पुढे हाणला. बचाववाले वर सरकले होते आणि डगल एकदाचा सगळ्यांच्या आधी पोचला. पोट, वय, सगळं विसरून तो पळाला. गोलकीपर पुढे आला. डगलने चेंडू बुटाच्या आतल्या बाजूने, अगदी हळू, गवंडी थापी फिरवतो तसा, त्याच्या शेजारून घातला. चेंडू उतारावरून निवांत लोळत गेला आणि जाळ्यात जाऊन बसला.

पत्र्याचा स्टँड पेटला. दीडशे माणसं हजारांसारखी ओरडली. मफलरवाल्याची बिअर पुढच्या तिघांच्या डोक्यावर गेली. सिरिलने पिशवी हवेत उडवली. "लिही," तो ओरडत होता, "लिही, लिही आता."

बेरिलचा झेंडा वर होता.

तिने तो कधी उचलला हे तिलाही सांगता आलं नसतं. मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी डगलचा अर्धा बूट आणि खांदा शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे होता. तिला तो पांढऱ्या चादरीवरच्या चहाच्या डागासारखा स्वच्छ दिसला होता. दिसला आणि हात वर गेला, एवढंच. आता तो खाली घेता आला असता. पंच मुलीने अजून इकडे बघितलं नव्हतं. एक सेकंद, दोन सेकंद. जाळ्यात चेंडू. वहीत पहिली ओळ. जेसीबी.

झेंडा वरच राहिला. पंचाने बघितलं, शिट्टी मारली आणि हात वर केला.

मग जे झालं ते लिहायचं म्हणजे निम्मे शब्द गाळावे लागतील. तिची आई, तिचा चष्मा, तिचं वय, सगळं निघालं. मफलरवाल्याने तर अर्ध्या तासाचं साठवलेलं सगळं एकदम ओतलं. बेरिल झेंडा वर धरून समोर बघत उभी.

स्कार्थवेटचे तिघे जण तिच्याकडे धावत आले. डगलने हात आडवा घालून त्यांना मागे ढकललं आणि तो एकटाच जवळ आला. श्वास लागलेला, डोळ्यांत घाम.

"मावशी, खरं सांगा. होतो मी पुढे?"

"होतास. अर्धा बूट."

डगलने मागे वळून जाळ्याकडे बघितलं. गोलकीपर चेंडू उचलत होता.

"वाटलंच होतं मला," तो हळूच म्हणाला आणि परत खेळायला गेला.

चार मिनिटं जादा खेळले. काही झालं नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा स्कोअरच्या फळीवर तेच दोन आकडे होते, जे ती बारा वर्षांची असताना होते.

लोक लगेच गेले नाहीत. कुणी गोलच्या खांबाला हात लावून आलं, कुणी गवताचा तुकडा उपटून खिशात घातला. बेरिल बाकावर बसली. सिरिल शेजारी येऊन बसला आणि त्याने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"चेंडू जाळ्यात गेला," तो म्हणाला. "तू पाहिलास. मी पाहिला. जाळं हललं, बेरिल."

"हललं."

"मग?"

"मग काय. ऑफसाईड होता."

"तुझ्या बापाने लिहिलं असतं."

"नसतं लिहिलं," बेरिल म्हणाली. "लिहायचं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं."

तिने पिशवीतून वही काढली आणि पहिलं पान उघडलं. बापाचं निळ्या शाईचं अक्षर, पुढे मोकळी जागा. तिने पेनाचं टोपण काढलं. सिरिल पुढे वाकला. तिने टोपण परत लावलं, वही मिटली आणि पावसाच्या भीतीने प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवली.

पंच मुलगी कागदांची पाटी घेऊन आली. "अहवालात नाव लागतं," ती म्हणाली. "एकेचाळिसाव्या मिनिटापासून बाजूचा पंच कोण, ते. काय लिहू?"

"माझं नाव?"

"तुमचंच."

बेरिलने नाव सांगितलं. मुलीने ते लिहिलं आणि आडनाव बरोबर आहे का म्हणून पाटी तिच्यापुढे धरली. बेरिलने चष्मा पुसून एक एक अक्षर वाचलं.

"शेवटी दोन एल येतात. एक राहिलाय."

मुलीने एल घातला.

मग बेरिलने पिवळी बंडी अंगातून काढली. ती चिखलाने आणि घामाने ओली होती. तिने ती मांडीवर पसरली, हातांनी सुरकुत्या काढल्या, दोन्ही कडा आत घेतल्या, खालून एक घडी, वरून एक घडी, चौतीस वर्षं घालते तशी. चौकोन झाला. त्यावर तिने झेंडा आडवा ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.