तालियाचं कांस्यपदक

निंबर्ग्याच्या पद्माबाई परसात भांडी घासत होत्या, तेव्हा परदेशातून रविकुमारचा फोन आला. पोटच्या पोराचा आवाज त्यांना ओळखूच येईना.

“आई, तू तालियाला दिलेल्या पुडीत काय हुतं?”

“कामून इचारायलास? गुडघेदुखीची पूड हाय. म्या सोता खातेय की.”

“तिचं पदक काढून घ्यायलेत.”

पद्माबाईंचा राखेतला हात तसाच राहिला.

रविकुमार समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाच्या संघाला कुस्ती शिकवायचा. आळंद तालुक्याएवढीही वस्ती नसलेला देश. मोठ्या स्पर्धेला त्यांचे मोजके खेळाडू गेले, आणि आजवर तिथल्या कुणी कसलंच पदक आणलं नव्हतं. तालियानं कांस्य जिंकलं, तेव्हा तिकडं लोक होड्यांवर झेंडे लावून नाचले. इकडं निंबर्ग्यात पेढे वाटले, कारण स्पर्धेआधी ही पोरगी सरावासाठी महिनाभर रवीच्याच घरी राहिली होती. कडक भाकरी नि शेंगाची चटणी चापून खायची, पद्माबाईंना आई म्हणायची. निघायच्या सुमाराला तिचा गुडघा दुखू लागला. पद्माबाईंनी आळंदच्या बाजारातून पूड आणून तिच्या पिशवीत घातली. तिनं रवीला विचारलं. झाडपाला आहे, खा, असं तो म्हणाला.

आता तालियाच्या तपासणीत खेळाडूंना बंदी असलेलं स्टेरॉइड निघालं होतं.

“आरं, झाडपाल्यात असलं कुठनं येतंय?” पद्माबाई म्हणाल्या. पूड देणाऱ्यालाच विचार, असं रवी म्हणाला.

रवीचे वडील धुळाप्पा शेतातून आले, सगळं ऐकलं, आणि दोघं तशीच जीप धरून आळंदला गेली. पूडवाला शंकरप्पा बाजारातल्या आपल्या पालात बसला होता. त्यानं काही लपवलंच नाही.

“अक्का, नुस्त्या पाल्यानं दुखणं थांबतंय व्हय? गोळ्या कुटून घालावं लागतंय चिमूटभर. समदेच घालतेत.”

भाजीत मीठ घालतो म्हणावं, इतक्या सहज तो बोलला. धुळाप्पांनी त्याची गचांडी धरली, मग सोडली. त्याच्याकडून पुडीचं एक बंद पाकीट घेतलं आणि रवीच्या सांगण्यावरून तपासायला पाठवलं.

पुडीत तेच स्टेरॉइड निघालं. पुढं स्पर्धेवाल्यांच्या चौकशीला पद्माबाई फोनसमोर बसल्या. पडद्यावर तीन अनोळखी साहेब आणि मध्ये एक दुभाषी बाई.

“पोरीनं लबाडी केली न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्या दिलं. काय शिक्षा करायची ती मला करा.”

दुभाषी बाईनं ते साहेबांना सांगितलं.

तालियावरची मोठी बंदी टळली, थोड्या महिन्यांवर आली. पदक मात्र गेलं ते गेलंच. रवीची नोकरीही गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तालियाचा फोन आला. पद्माबाईंनी तो धुळाप्पांच्या हातात कोंबला आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. तालिया घाईत आपल्याच भाषेत बोलू लागली, आणि ती धुळाप्पांना येत नव्हती. ते नुसतं “व्हय, व्हय” करत राहिले. शेवटी त्यांनी फोन बायकोच्या कानाला लावला.

“आई,” तालिया मोडक्या मराठीत म्हणाली, “मी रागात न्हाई.”

पद्माबाईंनी फोन हातात घेतला.

“म्या हाय, बाळा,” त्या म्हणाल्या. “माझ्यावरच.”