मोजणी बरोबर, काम शून्य

"दोन लाख ऐंशी हजार प्लेटलेट आहेत तुमच्या नातीच्या," डॉ. उन्मेष फाईल मिटत म्हणाले. "एकदम नॉर्मल. सोमवारी सकाळी टॉन्सिल काढून टाकू."

"आहेत ते कळलं. करतायत काय?" राधाबाईनं विचारलं.

शनिवारची सकाळ होती. परळच्या त्या वॉर्डात सहा खाटांवरच्या आया कान टवकारून बसल्या. राधाबाईला त्याची फिकीर नव्हती. अकरा वर्षांच्या संघमित्राचा घोळणा फुटला की नाकातलं रक्त दोन-दोन तास थांबायचं नाही. दुधाचा दात पडला तेव्हा उशी भिजली होती. अंगावर काळेनिळे डाग तर असे, की शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून विचारलं होतं, घरात कोण मारतं पोरीला? आणि हा माणूस मोजणीचा कागद दाखवून तिच्या घशात सुरी घालायला निघाला होता.

"आजी, काउंट नॉर्मल आहे म्हणजे..."

"डॉक्टर, मी मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होते. मस्टरवर चाळीस बाया. धागा तुटला की टोक पकडायचं, गाठ मारायची. चाळीसच्या चाळीस हजर आणि सगळ्या हाताची घडी घालून बसलेल्या, तर गाठ काय मस्टर मारणार?"

पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. "काम बघायची टेस्ट वेगळी असते. इथे होत नाही. दादरच्या एका लॅबमध्ये होते, तीही आज दुपारी एकपर्यंतच. न्यायचं तर न्या. पण सोमवारची वेळ मी बदलणार नाही."

"बदलायला मी लावते. रक्त काढा."

निळ्या झाकणाची नळी भरली. सिस्टर म्हणाली, "थेट लॅबमध्ये न्या, वेळ लावू नका." राधाबाईनं मान हलवली आणि तीस वर्षांच्या सवयीनं जे करायचं तेच केलं. मिल बंद पडल्यावर तिनं चाळीत खानावळ चालवली होती. बांगडा असो की कोळंबी, बर्फाशिवाय तिच्या उंबऱ्याच्या आत काही आलं नव्हतं. समोरच्या रसवंतीतून तिनं बर्फ घेतला, डब्यात भरला, नळी मधोमध खोचली आणि डबा मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. सून नम्रता पोरीजवळ थांबली.

लॅबच्या डॉ. इरावतीनं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

"आजी, बर्फ कोणी घातला?"

"मी. नासू नये म्हणून."

"बर्फानंच नासलं."

आपल्या हातचं काही नासलं, हे राधाबाईला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. "कसं काय? समजावून सांग," ती खुर्ची ओढत म्हणाली.

इरावतीनं कागदावर एक चपटी चकती काढली. "ही झोपलेली प्लेटलेट. गुळगुळीत. कोणाला न चिकटता रक्तातून जाते. हिच्या अंगावर हजारो पकडी असतात, आम्ही रिसेप्टर म्हणतो. पण मिटलेल्या, मान खाली घातलेल्या." शेजारी तिनं एक काटेरी गोळा काढला. "जखम झाली की हिला हाक जाते. आकार बदलतो, पाय फुटतात. मिटलेल्या पकडी ताठ होऊन उघडतात, पोटात ठेवलेल्या आणखी वर येतात. मग ही रक्तातला एक धागा धरते, त्याचंच दुसरं टोक शेजारणीनं धरलेलं. अशा हजारो जणी मिळून भोक बुजवतात. पण गारठ्यानं जखम नसतानाच आकार बदलतो. मग आम्ही हाक मारली तर खरं उत्तर येत नाही."

"म्हणजे भोंगा झालाच नाही आणि बाया उठून पळाल्या."

"अगदी तसंच."

"चूक माझी," राधाबाई म्हणाली आणि लगेच उठली. "रक्त पोरीच्या अंगात ताजंच असतं ना? मग पोरगीच आणते."

"सव्वाअकरा झालेत, आजी. एकच्या आत हवी."

"मग बोलत काय बसलीस?"

वॉर्डात सिस्टरनं वाट अडवली. डॉ. उन्मेष आले. "नेलंत तर खाट गेली. पुढची तारीख दोन महिन्यांनी. आणि स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय असं लिहून द्यावं लागेल. आईची सही."

आता सगळे नम्रताकडे बघू लागले. गेली कित्येक वर्षं, पोरीला रक्त आलं की राधाबाईचं एकच पालुपद होतं: हे तुझ्या माहेरचं, आमच्या घराण्यात कोणाचं रक्त असं पाणचट नाही. नम्रता तेव्हा जमिनीकडे बघायची. आज तिनं डॉक्टरांच्या डोळ्यांत बघितलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

बारा वाजता तिघी लॅबमध्ये. पोरीचं रक्त काढून झालं, भोकावर नम्रतानं अंगठा दाबून धरला तो सोडलाच नाही. इरावती म्हणाली, "तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं."

"माझं घे."

"गेल्या आठवड्यात गोळी घेतलीत? अ‍ॅस्पिरिन, अंगदुखीची?"

"गुडघ्याला तेल चोळते. गोळ्या खाणारी तोंडं वेगळी."

दोघींच्या रक्तातला प्लेटलेटचा गढूळ भाग वेगळा काढून यंत्रात ठेवला. वरून औषधाचा थेंब पडला, तीच हाक. यंत्राच्या पडद्यावर राधाबाईची रेघ जिना चढावी तशी वर गेली. गुठळ्या झाल्या, पाणी निवळलं.

"बघ, म्हातारीचा हात!" ती नातीला म्हणाली.

संघमित्राची रेघ सुरुवातीला जराशी हलली आणि आडवी झाली. इरावतीनं दुसरं औषध टाकलं, तिसरं टाकलं. रेघ आडवीच.

"हलली ना थोडी? म्हणजे हाक पोचली, आकारही बदलला. पण धागा धरणारी पकड नाहीये. पकडी मोजायची आणखी एक टेस्ट करून पक्कं करू. पण सुरी आता लावायची नाही."

"कुठून आलं हे?" राधाबाईनं विचारलं. सवयीनं तिची नजर सुनेकडे गेली.

"दोन्हीकडून. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन दोष एकत्र आले तरच होतं. म्हणजे वडिलांच्या घराण्यातही आहेच."

नम्रतानं ती नजर झेलली.

"माझ्या नवऱ्याकडचं असेल," राधाबाई घाईनं म्हणाली. मग थोडं थांबून, "नाहीतर माझ्याकडचं. नम्रता, बोलले ते सगळं मागे घेते. एकदाच सांगते, परत विचारू नकोस."

"विचारणार, आई. तुमचा लेक अभय ड्यूटीवरून आला की त्याच्यासमोर."

राधाबाईनं सुनेकडे नीट बघितलं. "विचार," ती म्हणाली.

तीन वाजता ती रिपोर्ट घेऊन एकटीच वॉर्डात शिरली. संघमित्राच्या खाटेवर दुसरं मूल झोपलेलं होतं. डॉ. उन्मेषनी रिपोर्ट वाचला. परत पहिल्यापासून वाचला. खुर्ची पुढे सरकवली, पण राधाबाई बसली नाही.

"टॉन्सिल औषधांवर सांभाळू," ते हळूच म्हणाले. "काढायची वेळ आलीच, तर रक्ताचे डॉक्टर शेजारी आणि प्लेटलेटच्या पिशव्या तयार ठेवून. मी सोमवारी तसंच कापलं असतं."

"फाईलवर लिहा."

"काय?"

"पहिल्या पानावर, लाल पेनानं. मोजणी बरोबर, काम शून्य. उद्या मी नसेन. पोरगी दुसऱ्या कुणासमोर बसेल आणि तोही तिला आकडा दाखवेल."

डॉक्टरांनी आजाराचं नाव इंग्रजीत लिहिलं.

"खाली मराठीत. मला वाचता आलं पाहिजे."

त्यांनी लिहिलं. राधाबाईनं बोट ठेवून एक-एक अक्षर जुळवत वाचलं.

"शून्य पुसट आलंय," ती म्हणाली. "गिरवा."

डॉक्टरांनी गिरवलं.