किटणाचा आधार

बँडमधला थोरला ट्रम्पेटवाला दातांच्या बाबतीत भलताच मिजासखोर होता. पन्नाशी उलटली तरी बत्तिशी शाबूत, एका दाताला कीड नाही. कुणी गालाला हात लावून तालमीला आलं की हा पठ्ठ्या त्याच्यासमोर दाताखाली अक्रोड फोडून दाखवायचा. असा माणूस.

ट्रम्पेटवाल्याला दात म्हणजे काय, ते वाद्य कधी ओठाला न लावलेल्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, सगळा खेळ फुंकेचा आणि बोटांचा. पण वाद्य ओठांवर दाबलं की ते टेकतं समोरच्या दातांवर, आणि ते दात घट्ट उभे असतील तरच वरचा सूर लागतो. म्हणून तर बँडमधले सगळे फुंकणारे दातांच्या डॉक्टरपासून चार हात लांब राहायचे. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, हे त्यांच्यात ठरूनच गेलं होतं. नव्याने आलेल्याला हे ऐकवायचं काम थोरल्याचं. त्याच्या शेजारी बसून वाजवणाऱ्या धाकट्या भावालाही त्यानेच ते ऐकवलं होतं.

थोरल्याला ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. त्याने कडक ब्रश टाकून मऊ आणला. तरी यायचं, तेव्हा त्या जागी ब्रश फिरवणंच सोडून दिलं. रक्त थांबलं नाही, पण दिसेनासं झालं आणि हा खूश.

"अहो, तोंडाला वास येतो. एकदा दाखवून या," बायको म्हणायची.

"मला काही दुखतंय का? मग झालं तर!"

ती पाठ करून झोपायला लागली. त्याचाही त्याला रागच आला, शहाणपण आलं नाही.

मग मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमाची तालीम सुरू असताना, त्याच्या एकट्याच्या वादनात, वरचा लांब सूर फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. धाकट्याने पाण्याची बाटली पुढे केली. थोरल्याने पाणी पिता पिता जीभ लावून पाहिली, तर खालचे समोरचे दात किंचित हलले. दुसऱ्याच दिवशी त्याने दातांचा दवाखाना गाठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. त्यांनी त्याच्या तोंडात छोटा आरसा धरला आणि हातात मोठा दिला.

"दातांच्या मागे ही पिवळी भिंत दिसतेय? तो दात नाही, किटण आहे. ब्रशने निघत नाही, दगड होतो त्याचा. दर सहा महिन्यांनी येऊन काढून घेतलं असतंत तर अर्ध्या तासाचं काम होतं. त्याच्यामुळे हिरडी सुजते, खाली सरकते, आणि आतलं हाड झिजत जातं. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस निवांत राहतो."

"मग काढून टाका."

"काढते. पण आधी ऐका. हाड बरंचसं गेलंय. हे खालचे चार दात आता किटणाच्या आधाराने एकमेकांना धरून आहेत. ते काढलं की आणखी हलतील."

"म्हणजे आमचे लोक म्हणतात तेच खरं!"

"तुमचे लोक अगदी शेवटी येतात, म्हणून त्यांना तसं दिसतं."

"आणि नाही काढलं तर?"

"तर हे जातीलच, वरचेही यांच्या मागोमाग जातील. नकली दात बसवता येतील. जेवाल त्यांच्यावर. वाजवाल की नाही, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही."

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान हलवली. यंत्र सुरू झालं. किटणाचे तुकडे निघत होते, तो ते थुंकत होता, आणि इतकी वर्षं आपण हे तोंडात बाळगून मिजास मारली या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिरड्या निवल्यावर त्याने मागच्या खोलीत ट्रम्पेट हातात घेतला. ओठाला लावून दाबला, तर चारही दात आत कलले. नुसती हवा गेली. त्याने वाद्य तिरकं धरून पाहिलं, ओठाखाली कापूस धरून पाहिला. एक सूर आला, तोही मधेच बसला. मग तो पलंगावर बसून लहान पोरासारखा रडला. बायको दारात उभी होती. आत आली नाही.

बँडमधले भेटायला आले. सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडली. चांगला धडधाकट माणूस तिने कामातून घालवला म्हणे. थोरल्याने कुणाला अडवलं नाही. दोष दुसऱ्याच्या पदरात पडलेला बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

त्याच्या जागी आता धाकटा वाजवणार होता. तो सुरावटीचे कागद न्यायला आला तेव्हा थोरल्याने त्याला खिडकीपाशी ओढला.

"आ कर."

"काय रे दादा?"

"कर म्हणतो ना!"

धाकट्याने हसत तोंड उघडलं. खालच्या दातांच्या मागे तसलीच पिवळी भिंत होती. थोडी ठेंगणी, इतकंच.

"उद्या माझ्याबरोबर त्या बाईंकडे चल. तुझं अजून हातात आहे."

"तिनेच तुझं वाटोळं केलं, आणि तू मला तिच्याच दारात नेतोस?"

"तिने नाही रे. मी केलं. मी तुम्हाला सांगत आलो ते सगळं खोटं होतं. ऐक माझं. पाया पडतो तुझ्या."

धाकट्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या धक्क्याने दादाचं डोकं फिरलंय, अशी त्याची खात्री पटली. त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं दादा, जाऊ. एवढा हंगाम संपू दे."

कागद काखेत मारून तो जिना उतरला. खाली गल्लीत थांबून त्याने ट्रम्पेट काढला आणि तो वरचा लांब सूर लावून पाहिला. सूर स्वच्छ लागला, हलला नाही, फाटला नाही. थोरल्याला स्वतःला कधी इतका छान लागला नव्हता. तो खिडकीत उभा राहून ऐकत होता आणि भीतीने त्याला त्या सुरामागे ती पिवळी भिंतच दिसत होती.